नर की मादी? उत्तर वाळूच्या उबेत

फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर भल्या सकाळी माणसे जमतात. जाळीच्या कुंपणाआड, वाळूत पुरलेल्या अंड्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. कासवमित्र एकेक टोपली उचलून पाहतो. एखाद्या टोपलीखाली काळपट रंगाची, तळहाताहून लहान पिल्ले वळवळत असतात. ती मोजली जातात, आकडा नोंदवहीत जातो आणि मग पिल्ले लाटांपासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली जातात. पहिली लाट अंगावर आली की काही क्षणांत ती दिसेनाशी होतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना सोबत घेऊन येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाला सुरुवात केली. त्याआधी किनाऱ्यावरची अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे फस्त करत. आता अंडी सुरक्षित जागी, म्हणजे हॅचरीत, हलवली जातात. घरटे कोणत्या दिवशी सापडले, अंडी किती, पिल्ले किती निघाली, हे सगळे लिहून ठेवले जाते. एक प्रश्न मात्र त्या नोंदवहीला विचारता येत नाही. समुद्रात गेलेल्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती?

बाहेरून पाहून हे सांगताच येत नाही. कासव वयात आले, नराची शेपटी लांब झाली, की मगच फरक दिसतो. आणि तोवर बरीच वर्षे गेलेली असतात. तरीही हा प्रश्न आज कासवांच्या अभ्यासकांना सर्वाधिक सतावतो आहे. कारण कासवाचे लिंग आई-बापाकडून आलेल्या गुणसूत्रांवर ठरत नाही. ते ठरते वाळूच्या तापमानावर.

अंड्यातले मधले दिवस

माणसात एक्स आणि वाय गुणसूत्रांची जोडी फलनाच्या क्षणीच लिंग ठरवून टाकते. पक्ष्यांतही गुणसूत्रेच हे काम करतात. फक्त त्यांची व्यवस्था उलटी, म्हणजे दोन वेगळी गुणसूत्रे मादीकडे. सागरी कासवांत मात्र अशी नर-मादी गुणसूत्रेच नाहीत. फलन झाले तेव्हा गर्भ दोन्ही वाटांनी जाऊ शकतो. त्याची जननग्रंथी सुरुवातीला ना वृषण असते, ना अंडाशय.

ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. या काळाचे तीन भाग पाडले, तर मधला भाग निर्णायक असतो. त्या दिवसांत वाळू थंड असेल तर पिल्ले नर होतात, गरम असेल तर मादी. बहुतेक सागरी कासवांत २९ अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धे नर आणि अर्ध्या माद्या निपजतात. त्याच्या वर-खाली दोन-तीन अंश गेले की जवळजवळ सगळे घरटे एकाच लिंगाचे होते. आपल्याला पंख्याचा वेग एकाने कमी-जास्त केल्यावर जेवढा फरक जाणवतो, साधारण तेवढ्या फरकावर शंभर पिल्लांचे भवितव्य ठरते.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती कासवांत नव्हे, तर सरड्यांत. सेनेगलमधील डाकार येथे संशोधन करणाऱ्या मादलेन शार्निए यांनी १९६६ साली अगामा जातीच्या सरड्यांची अंडी वेगवेगळ्या तापमानांत ठेवली आणि नर-मादीचे प्रमाण तापमानानुसार बदलते, असे नोंदवले. टिपण छोटे होते, पश्चिम आफ्रिकेतल्या एका स्थानिक विज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापलेले. अनेक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये कासवांवर असेच प्रयोग झाले, तेव्हा हा एखाद्या सरड्याचा विक्षिप्तपणा नसून सरपटणाऱ्या प्राण्यांतली मोठी व्यवस्था आहे, हे मान्य झाले.

या शोधाने संवर्धनाच्या कामाला एक धक्काही दिला. त्या काळी अनेक ठिकाणी कासवाची अंडी किनाऱ्यावरून उचलून थर्मोकोलच्या खोक्यांत उबवली जात. पिल्ले भरपूर निघत, सोडणाऱ्यांना समाधान मिळे. निकोलस म्रोसोव्स्की आणि चेस्टर यिंटेमा या शास्त्रज्ञांनी १९८० साली इशारा दिला की ही खोकी किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा थंड राहत असतील, तर त्यांतून प्रामुख्याने नर बाहेर पडत असणार. कासवे वाचवण्याच्या सद्हेतूने केलेले काम पुढच्या पिढीत माद्यांचा दुष्काळ निर्माण करू शकले असते. तेव्हापासून 'किती पिल्ले सोडली' या आकड्याबरोबर 'कोणत्या तापमानात उबवली' हा प्रश्न जोडला गेला.

मगरीचे गणित वेगळे

गरम म्हणजे मादी, हा नियम सगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांना लागू नाही. मगरींत गोष्ट जवळजवळ उलटी आहे. अमेरिकेतल्या ॲलिगेटरवरील १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ३० अंश आणि त्याखाली सगळी पिल्ले माद्या निघाली, तर ३४ अंशांना सगळे नर. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत आपल्याकडच्या मगरीवर, म्हणजे मगर या नावानेच जगभर ओळखल्या जाणाऱ्या जातीवर, असाच अभ्यास झाला. तिथे २८ ते ३१ अंशांपर्यंत फक्त माद्या, ३२.५ अंशांच्या सुमारास नर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिश्र पिल्ले, असे चित्र दिसले. दीड अंशात सगळे पारडे फिरते.

न्यूझीलंडमधल्या तुआतारा या प्राचीन वंशाच्या प्राण्यातही उष्णतेने नर वाढतात. म्हणजे तापमान वाढले तर काही जातींत माद्यांचा भरणा होईल, काहींत नरांचा. धोका दोन्हीकडे सारखाच, फक्त दिशा वेगळी.

एका बेटावरची आकडेवारी

हा धोका कागदावरचा नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या ग्रेट बॅरियर रीफने दाखवून दिले. तिथल्या उत्तर भागातले रेन बेट हे हिरव्या सागरी कासवांचे जगातले सर्वांत मोठ्या विणीच्या ठिकाणांपैकी एक. मायकेल जेन्सन आणि सहकाऱ्यांनी समुद्रात चरणारी चारशेहून अधिक कासवे पकडून त्यांच्या रक्तातली संप्रेरके तपासली आणि जनुकीय चाचणीने कोणते कासव कोणत्या किनाऱ्यावर जन्मले हे शोधले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दक्षिणेकडच्या, तुलनेने थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्या कासवांत माद्या ६५ ते ६९ टक्के होत्या. उत्तरेकडच्या प्रौढ कासवांत त्या सुमारे ८७ टक्के होत्या. आणि उत्तरेकडच्याच वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त.

प्रौढ आणि तरुण कासवांच्या आकड्यांमधली ही दरी महत्त्वाची आहे. हिरव्या कासवाला वयात यायला दोन-तीन दशके लागतात. त्यामुळे आज वीण करणारी कासवे जुन्या, थंड वाळूची साक्ष देतात आणि लहान कासवे अलीकडच्या वाळूची. उत्तरेकडचे किनारे वीस वर्षांहून अधिक काळ जवळपास फक्त माद्याच देत आहेत, असा अर्थ संशोधकांनी लावला. किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या माद्या मोजून हे कधीच कळले नसते. उलट, माद्या वाढल्या की घरटी वाढतात आणि काही काळ सगळे उत्तम चालल्याचा भास होतो.

लगेच घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. शिवाय मादी सहसा दोन-चार वर्षांआड विणीला येते, तर नर त्याहून लवकर पुन्हा येऊ शकतो. म्हणून माद्या काही प्रमाणात जास्त असणे कासवांना चालते, कदाचित फायद्याचेही ठरते. पण त्यालाही मर्यादा आहे. नर अगदीच विरळ झाले तर अंडी फळणार नाहीत, आणि वाळू आणखी तापली तर नर-मादीचा प्रश्नच उरणार नाही, कारण अंड्यातला गर्भच मरतो.

माशांचा ताण

मासे तर पाण्यात राहतात आणि त्यांच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. त्यांच्यातही अशी व्यवस्था आहे, हे १९८१ साली डेव्हिड कॉनोव्हर आणि बॉइड कायनार्ड यांनी दाखवले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिल्व्हरसाइड या छोट्या माशाची पिल्ले थंड पाण्यात वाढली तर माद्या जास्त होतात, गरम पाण्यात नर. बऱ्याच माशांत गुणसूत्रे एक बाजू सुचवतात; पण पाणी फार तापले तर ती सूचना मोडीत निघते आणि जनुकांनी मादी असलेले पिल्लू नर होऊन वाढते.

उष्णता हे नेमके कसे घडवते? या प्रश्नाच्या उत्तरात 'ताण' हा शब्द येतो, आणि तो केवळ उपमा म्हणून नाही.

दक्षिण अमेरिकेत पेहेरेय नावाचा चवीसाठी प्रसिद्ध मासा आहे. त्याची पिल्ले १७ अंशांच्या पाण्यात वाढवली तर सगळ्या माद्या होतात, २९ अंशांत सगळे नर आणि मधल्या तापमानात दोन्ही. जपान आणि अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २००९ साली पाहिले की गरम पाण्यातल्या पिल्लांच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढलेले असते. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक. परीक्षेच्या, आजारपणाच्या किंवा भीतीच्या वेळी माणसाच्या शरीरातही हेच वाढते. मग संशोधकांनी मधल्या तापमानातल्या पिल्लांना कॉर्टिसॉल दिले. पाणी तापवले नव्हते, तरी नरांचे प्रमाण वाढले.

यामागची साखळी आता बरीच उलगडली आहे. कॉर्टिसॉल फार वाढले तर शरीर ते निकामी करू पाहते. त्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागते. गंमत अशी की हेच विकर माशांतले मुख्य नर-संप्रेरक तयार करण्याच्या कामातही असते. ताण आवरण्यासाठी यंत्रणा सुरू झाली की नर-संप्रेरकही वाढते आणि घडत असलेली जननग्रंथी वृषणाच्या वाटेला लागते.

दुसरी वाट जपानमधल्या मेडाका आणि फ्लाउंडर या माशांवरील २०१०च्या प्रयोगांतून दिसली. मादी घडण्यासाठी इस्ट्रोजेन लागते आणि ते ॲरोमटेझ नावाचे विकर बनवते. फ्लाउंडरमध्ये कॉर्टिसॉल हे ॲरोमटेझचे जनुकच दाबते. इस्ट्रोजेन कमी, म्हणून मादी होणे रोखले जाते. मेडाकाच्या पिल्लांना गरम पाण्यातच ठेवून कॉर्टिसॉल तयार होऊ न देणारे औषध दिले, तेव्हा जनुकांनी मादी असलेली पिल्ले नर होण्याचे प्रमाण घटले. म्हणजे उष्णता ही सुरुवात. निर्णय घडवणारा निरोप कॉर्टिसॉलचा.

तसे असेल तर उष्णतेशिवाय दुसरा ताणही हेच करू शकतो का? अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या संशोधकांनी सदर्न फ्लाउंडर या माशाची पिल्ले वेगवेगळ्या रंगांच्या टाक्यांत वाढवली. हा मासा तळाशी, चिखलाच्या रंगात मिसळून राहणारा. निळ्या टाकीत त्याला लपताच येत नाही. निळ्या टाकीतल्या पिल्लांत कॉर्टिसॉल जास्त आढळले आणि नरही जास्त निघाले. बार्सिलोनातल्या प्रयोगशाळेत झेब्राफिशची पिल्ले दाटीवाटीने वाढवली, तेव्हाही नर वाढले. मत्स्यशेतीच्या टाक्यांत पिल्लांची गर्दी, पाण्याची खराब अवस्था आणि उष्णता एकत्र येते. त्यामुळे ही माहिती फक्त जंगली माशांपुरती राहत नाही.

सदर्न फ्लाउंडरचे उदाहरण कोळ्यांच्या पोटाशीही जोडलेले आहे. या जातीत मादी खूप मोठी होते, नर लहानच राहतो. बाजारात येणारा मासा बहुतांशी मादी. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर पाहणी केली तेव्हा गरम पाण्याच्या ठिकाणी वाढणाऱ्या पिल्लांत नर फार जास्त आढळले. पाणी तापत गेले तर अंडी देणाऱ्या माद्या कमी आणि जाळ्यात येणारे मोठे मासेही कमी.

आपल्या बाजारातली चिलापी

उजनी धरणातली चिलापी, म्हणजे तिलापिया, महाराष्ट्रातल्या मासे खाणाऱ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यातल्या नाइल तिलापिया या जातीत गुणसूत्रे लिंग सुचवतात, पण पिल्ले अगदी लहान असताना पाणी ३६ अंशांच्या आसपास राहिले तर नरांचे प्रमाण वाढते. तिलापियाची शेती करणाऱ्यांना खरे तर नरच हवे असतात. नर भराभर वाढतो, आणि तळ्यात माद्या असल्या की पिल्लांची इतकी गर्दी होते की कोणीच नीट वाढत नाही. म्हणून जगभर पिल्लांच्या खाद्यात नर-संप्रेरक मिसळून सगळे नर करण्याची पद्धत आहे. त्याऐवजी पिल्लांना काही दिवस गरम पाण्यात ठेवून हेच साधता येईल का, यावर संशोधन झाले आहे. निसर्गात जो धोका, तोच शेतीत उपयोगाचा, असा हा प्रकार.

सरड्याने टाकलेले गुणसूत्र

माशांत कॉर्टिसॉल, मग कासवांत आणि सरड्यांतही तेच असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण उत्तर इतके सरळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही सरड्यांच्या अंड्यांना ताणाचे संप्रेरक दिल्यावर नर-मादीचे प्रमाण बदलले, मात्र दोन जातींत ते परस्परविरुद्ध दिशांनी. तिथल्याच बेअर्डेड ड्रॅगन या सरड्यावर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या संप्रेरकाचा लिंगाशी संबंध दिसला नाही.

कासवांत पेशीच उष्णता थेट ओळखते, असे दिसते. लाल कानाचे कासव, जे आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानांत सर्रास विकले जाते, त्यावर २०१८ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून ही कडी सापडली. अंडे थंड असेल तर केडीएमसिक्सबी नावाचे जनुक सुरू राहते. ते वृषण घडवणाऱ्या दुसऱ्या जनुकावरचे कुलूप काढते आणि पिल्लू नर होते. अंडे गरम असेल तर पेशीत कॅल्शियम शिरते, त्याने एक प्रथिन जागे होते आणि ते केडीएमसिक्सबीला गप्प बसवते. कुलूप तसेच राहते आणि अंडाशय घडते. संशोधकांनी थंड अंड्यांत हे जनुक बंद पाडले तेव्हा नर होऊ घातलेल्या गर्भांत अंडाशय तयार होऊ लागले. विशेष म्हणजे कॅल्शियमचा हा मार्ग पेशी उष्णतेच्या त्रासाला तोंड देताना एरवीही वापरते. ताण येथेही आहे. तो संप्रेरकाच्या नव्हे, तर पेशीच्या पातळीवर.

बेअर्डेड ड्रॅगनची गोष्ट मात्र सर्वांत चक्रावून टाकणारी. या सरड्याला गुणसूत्रे आहेत. झेड-झेड असेल तर नर, झेड-डब्ल्यू असेल तर मादी. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर झेड-झेड पिल्लेही माद्या होतात. प्रयोगशाळेत हे २००७ साली दिसले. २०१५ साली क्लेअर हॉलेली आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रानात पकडलेले १३१ प्रौढ सरडे तपासले, तेव्हा ११ माद्या नराची गुणसूत्रे घेऊन फिरताना आढळल्या. त्या नुसत्या जगत नव्हत्या. नेहमीच्या माद्यांपेक्षा जास्त अंडी घालत होत्या. अशा मादीचा नराशी संकर केला की पिल्लांत डब्ल्यू गुणसूत्र कोठून येणार? ते एका पिढीत नाहीसे झाले आणि त्या पिल्लांचे लिंग पूर्णपणे तापमानावर ठरू लागले. लाखो वर्षांत घडलेली व्यवस्था उष्ण हवेमुळे एका पिढीत बदलू शकते, हे पहिल्यांदाच असे डोळ्यांसमोर दिसले.

ही व्यवस्था टिकली तरी का?

एवढा धोका असताना निसर्गाने असली व्यवस्था ठेवलीच का, असा प्रश्न पडतो. एरिक शार्नोव्ह आणि जेम्स बुल यांनी १९७७ साली सुचवलेले उत्तर असे: काही परिस्थितीत वाढलेले पिल्लू नर म्हणून अधिक यशस्वी ठरते, काहींत मादी म्हणून. मग परिस्थिती पाहून लिंग ठरणे फायद्याचे. सिल्व्हरसाइड मासा याचे सोपे उदाहरण आहे. वसंत ऋतूच्या सुरुवातीला, थंड पाण्यात जन्मलेल्या पिल्लाला वाढायला पूर्ण हंगाम मिळतो. मोठी मादी जास्त अंडी देते, म्हणून त्याने मादी होणे चांगले. उशिरा, गरम पाण्यात जन्मलेले पिल्लू लहान राहते. नराला त्याने फारसे बिघडत नाही. याच माशाच्या उत्तरेकडच्या भागात हंगामच छोटा असतो, लवकर जन्मून विशेष फायदा नाही. तिथे तापमानाचा लिंगावरचा प्रभावही जवळजवळ नाहीसा झालेला दिसतो.

म्हणजे ही व्यवस्था मुळात सदोष नाही. कासवांनी तिच्या जोरावर हिमयुगे आणि उष्ण युगे पाहिली. तेव्हा बदल सावकाश होत. माद्यांना दुसरे किनारे शोधायला, विणीचे महिने पुढे-मागे करायला हजारो पिढ्या मिळत. आता मोठा बदल काही दशकांत होतो आहे आणि कासवाची एक पिढीच तेवढी लांब असते.

माणसाबद्दल एक गोष्ट

हे वाचून कोणी माणसांबद्दल निष्कर्ष काढू नये. माणसाचा गर्भ आईच्या पोटात जवळपास स्थिर तापमानात वाढतो आणि त्याचे लिंग आधीच ठरलेले असते. आईच्या बीजांडात नेहमी एक्स गुणसूत्र असते. बापाच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय. त्यातले कोणते आले, एवढ्यावर मुलगी की मुलगा हे ठरते. गरोदरपणात काय खाल्ले, काय सोसले, ऋतू कोणता होता, यांपैकी कशानेही ते बदलत नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना ना कासव आधार देते, ना मासा, ना विज्ञान.

पुन्हा टोपलीखाली

हॅचरीतली वाळू कोणत्या तापमानाची असावी, हे आता कासवांच्या संवर्धनातले महत्त्वाचे सूत्र झाले आहे. खड्डा किती खोल, वर सावली आहे का, वाळू काळपट की पांढुरकी, ओल किती, घरटी एकमेकांपासून किती अंतरावर, या प्रत्येक गोष्टीने अंश-दोन अंशांचा फरक पडू शकतो. अंडी स्वतःही उष्णता निर्माण करतात. म्हणून अंडी हलवणारा माणूस नकळत पिल्लांच्या लिंगाचाही निर्णय घेत असतो.

उपाय साधे आहेत. घरट्यावर सावलीची जाळी, वाळूवर पाणी शिंपडणे, विणीच्या किनाऱ्यामागची झाडे राखणे, असे प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. शक्य तिथे अंडी मूळ जागीच ठेवून राखण करणे हाही मार्ग आहे. मात्र थर्मोकोलच्या खोक्यांची आठवण ठेवावी लागते. अंदाजाने थंडावा दिला तर पारडे दुसरीकडे झुकते. आधी मोजणे, मग हात लावणे, हाच क्रम.

मोजणेही आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. पूर्वी पिल्लाचे लिंग जाणून घ्यायचे तर मेलेल्या पिल्लाची जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागे, किंवा पिल्लू काही महिने वाढवून पोटात दुर्बीण घालावी लागे. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०२० साली नवजात पिल्लाच्या थोड्याशा रक्तातून, नरांतच आढळणाऱ्या एका प्रथिनाच्या आधारे, लिंग ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि एवढी सोय नसली तरी घरट्यात ठेवलेला बोटभर तापमानमापक, मधल्या दिवसांतल्या नोंदी आणि थोडे गणित यांवरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

कोकणात ऑलिव्ह रिडलेची वीण साधारण नोव्हेंबर ते मार्च चालते. डिसेंबरात घातलेली अंडी जानेवारीच्या गार वाळूत वाढतात, मार्चमधली अंडी एप्रिलच्या तापलेल्या वाळूत. दोन्ही घरट्यांतून शंभर पिल्ले निघाली तरी ती एकसारखी नसण्याची शक्यता आहे. हंगामाच्या सुरुवातीची, थंडीतली घरटी पुढच्या काळात नर पुरवणारी ठरू शकतात. ती हातची गेली, तर शेवटच्या घरट्यांतल्या पिल्लांनी ती कसर भरून निघणार नाही.

म्हणून टोपली उचलून पिल्ले मोजण्याच्या त्या सकाळच्या कामात आणखी एका ओळीची भर पडायला हवी. अंडी किती, पिल्ले किती, आणि त्याखाली: वाळू किती अंश.